एसीचा वास आणि हरिबांची पुरचुंडी

वास पहिल्यांदा कुणाला आला यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. चारुलता म्हणते, तिला. मी म्हणतो, मला. पण मी सभ्यपणाने गप्प राहिलो. खोलीत त्या वेळी आम्ही दोघंच होतो, आणि असल्या बाबतीत जो आधी तोंड उघडतो त्याच्याकडेच सगळे बघतात. ती दुपारभर माझ्याकडे बघत राहिली आणि मी तिच्याकडे. शेवटी एसी बंद केला तसा वास गेला, चालू केला तसा परत आला, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर आम्ही नवराबायको एकाच खटल्यातून निर्दोष सुटलो.

एसी जुना होता. माझ्या मेहुण्याची साताऱ्याहून बदली झाली तेव्हा, "भाऊजी, तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत, आता नाही म्हणू नका," असं म्हणून त्याने तो माझ्या गळ्यात घातला. मी त्याच्यासाठी काय केलं होतं ते मला अजून आठवलेलं नाही. पण गारवा उत्तम. सांगलीत मे महिन्यात दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, तेव्हा आमच्या आतल्या खोलीत चादर ओढून झोपावं लागायचं. फक्त चालू केला की आधी तो वास यायचा. थोड्या वेळाने वास कमी व्हायचा, की आपलं नाकच सरावायचं, हे काही कळत नव्हतं. मला असल्या गोष्टी कळल्याशिवाय चैन पडत नाही. मी गॅलरीत जायचो, दीर्घ श्वास घ्यायचो, कुंडीतला मोगरा हुंगून नाक कोरं करायचो आणि परत आत यायचो. माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. जागेवर जाऊन पाहणी केल्याशिवाय मी कशावर शेरा मारत नाही. अपूर्वा, म्हणजे आमची मुलगी, एकदा ड्युटीवरून लवकर घरी आली तेव्हा मी स्टुलावर उभा राहून एसीच्या तोंडाला नाक लावलं होतं. काय करताय बाबा, असं तिने विचारलं. मी म्हटलं, अभ्यास. तिने पुढे होऊन स्टूल धरून ठेवलं.

आता अपूर्वाचं सांगायला हवं, कारण तिच्यामुळेच हा अभ्यास एकदम निकडीचा झाला. अपूर्वा मिरजेच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणजे ऑपरेशन झालेल्या माणसांना परत चालायला शिकवते. मागच्या वर्षी मेढ्याच्या एक आजी, मनुबाई, गुडघा बदलून घ्यायला तिथं आल्या. त्यांच्या सोबतीला त्यांचा नातू शिवतेज मिलिटरीतून रजा काढून आला होता. अपूर्वा आजींना व्हरांड्यात चालवायची आणि शिवतेज पाण्याची बाटली घेऊन मागून चालायचा. आजी बऱ्या होऊन मेढ्याला गेल्या तरी या दोघांचं चालूच राहिलं. मग एकदा जेवताना अपूर्वाने आम्हाला सांगितलं की लग्न करीन तर शिवतेजशी, आणि मिरजेची नोकरी सोडणार नाही. दोन्ही वाक्यं एका दमात. पहिल्या वाक्याला आमची हरकत नव्हती. मुलगा सरळ आहे, आणि मुख्य म्हणजे तो माझं बोलणं पुरं होईपर्यंत ऐकून घेतो. दुसऱ्या वाक्याला हरकत होती ती शिवतेजच्या वडिलांची. नानासो हे रिटायर्ड सुभेदार. त्यांचं म्हणणं, सून मेढ्याला घरात पाहिजे. शिवतेज बिचारा पूर्णपणे अपूर्वाच्या बाजूचा, पण वडिलांपुढे तो सावधानमध्ये उभा राहतो, आणि सावधानमध्ये उभ्या माणसाला फार काही बोलता येत नाही.

येत्या रविवारी नानासो, मनुबाई आणि शिवतेज आमच्याकडे बोलणी करायला येणार होते. शिवतेजची रजा संपत आली होती. जमलं तर याच बैठकीत जमायचं, नाहीतर मोडल्यातच जमा. अपूर्वा धास्तावली की कपाटं आवरते. त्या आठवड्यात आमच्या घरातलं एकही कपाट आवरायचं राहिलं नाही. तिने मला एवढंच बजावलं, की ही डोंगरातली माणसं आहेत, आजींना आपलं ऊन सोसायचं नाही, त्यांना एसीच्याच खोलीत बसवा. नोकरीचा प्रश्न माझ्या आवाक्यातला नव्हता. वास मात्र माझ्या आवाक्यातला आहे, अशी माझी समजूत होती.

मी कंपनीला फोन लावला. तिकडच्या बाईंनी अत्यंत गोड हिंदीत मला तक्रारीचा प्रकार निवडायला सांगितला. गारवा कमी, पाणी गळतंय, आवाज येतोय, रिमोट चालत नाही. मी म्हटलं, वास येतोय. त्या म्हणाल्या, वास यादीत नाही. मी म्हटलं, यादीत नसला तरी खोलीत आहे. त्यांनी पुन्हा तीच यादी तितक्याच गोडव्याने वाचून दाखवली. सरकारी नोकरी करून मी एवढं शिकलो आहे की रकाना नसेल तर शेजारच्या रकान्यात लिहावं. मी "आवाज" निवडला. दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस खरोखरच आला, एसी लावला, कान देऊन ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, आवाज कुठाय? मी त्याला खरा प्रकार सांगितला. त्याने माझ्याकडे खोटी साक्ष देणाऱ्याकडे बघावं तसं बघितलं. तक्रार आवाजाची आहे, आवाज नाही, म्हणजे काम झालं, असं म्हणून तो गेला. तो जिना उतरायच्या आत माझ्या मोबाइलवर निरोप आला, की आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे, कृपया आम्हाला तारे द्या. माझ्या साऱ्या आयुष्यात माझं समाधान झाल्याचं कुणी मला इतक्या परस्पर कळवलं नव्हतं.

गावातल्या एसीवाल्यांनाही फोन केले. मे महिन्यात सांगलीत एसीवाला मिळत नाही. तो फोन उचलतो, "निघालोच काका" म्हणतो, आणि त्याच्या आवाजामागे दुसऱ्याच कुणाच्या तरी घरातली ठोकाठोक ऐकू येते.

तोवर बातमी बिल्डिंगभर झाली होती. समोरच्या शालूबाई साखर मागायच्या निमित्ताने येऊन वास घेऊन गेल्या. त्यांच्या मते तो ओल्या पायपुसण्याचा होता. खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ जुन्या वाचनालयात कारकून होते. त्यांनी डोळे मिटून वास घेतला आणि सांगितलं की हा बांधीव मासिकांचा वास आहे, तोही खालच्या फळीवरच्या. अपूर्वा म्हणाली, प्लास्टर कापल्यावर आतल्या पायाला येतो तसा. एक कापडदुकानदार आले. ते एसीखाली जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, पूर ओसरल्यावर आम्ही दुकानाचं शटर वर केलं तेव्हा हाच वास होता. त्यांना चारुलताने आग्रह करून चहा दिला.

मला याचं फार नवल वाटायला लागलं. एसी एक, वास एक, आणि ज्याला त्याला आपापलंच काहीतरी आठवत होतं. मला स्वतःला तो ऑफिसातल्या रेकॉर्डरूमचा वाटायचा, आणि खरं सांगायचं तर मधूनमधून बराही वाटायचा. मी येणाऱ्याजाणाऱ्याला आत नेऊन विचारायला लागलो. दूधवाल्याला विचारलं, कुरिअरवाल्याला विचारलं. शेवटी चारुलता वैतागली. लोक घरातला वास झाकतात, तुम्ही चहा पाजून दाखवताय, आणि रविवारी मुलीच्या सासरची माणसं यायची आहेत, असं तिने मला स्वच्छ ऐकवलं. तेव्हा मी अभ्यासातून उपायांकडे वळलो.

पहिला उपाय शालूबाईंचा. त्यांनी धूप पेटवून एसीखाली धरला. एसीने तो धूर वरून आत ओढला आणि खालून गार करून बाहेर दिला. वास गेला नाहीच, उलट तळघरातल्या देवळाचा यायला लागला. मग चारुलताने डांबरगोळ्या ठेवल्या. त्या काढून टाकल्या तरी दोन दिवस आमचे कपडे, उशा आणि सकाळचे पोहे ट्रंकेतून काढल्यासारखे लागत होते. मग कुणीतरी सांगितलं की पाण्याची नळी तुंबली असेल. हे मात्र मला पटलं. पाण्याचं वहन हा माझा विषय. नळीचं तोंड गॅलरीत होतं. मी सायकलचा पंप आणला, तोंडाला चिंधी गुंडाळून घट्ट बसवला आणि जोर लावला. आमच्या खात्यात कालव्याचं पाणी उताराने पुढे जातं. हे उलटं गेलं. नळीत साठलेला काळा गाळ पाहुण्यांसाठी घातलेल्या नव्या चादरीवर आतल्या बाजूने येऊन पडला. चारुलताने ती चादर माझ्यासमोर दोन्ही हातांनी उभी धरली, मग माझ्याच हातात दिली आणि वर साबणाची वडी ठेवली.

मी गॅलरीत पंप घेऊन उभा असतानाच शेजारचे हरिबा आले आणि एसीत ग्यास भरताय व्हय, म्हणून विचारू लागले. हरिबा मूळचे कुंडलचे. त्यांचा सगळा जन्म इथल्या मार्केट यार्डात हळदीच्या आडतीत गेला. आता मुलगा बघतो, पण हरिबांच्या बोटांचा पिवळेपणा अजून गेलेला नाही आणि हळदीवरची श्रद्धाही. कापलं, हळद. खोकला, हळद. मुंग्या, हळद. सुनेशी पटत नाही, तर रात्री दोघींनी हळदीचं दूध घ्यावं. त्यांनी आत येऊन वास घेतला, मान हलवली आणि सांगितलं की तुमी सगळी इंग्रजी औषधं करून दमलासा, आता आपलं घ्या. हरिपूरच्या पेवांत म्हणे हळद जमिनीखाली वर्षानुवर्षं राहायची, पण पेव उघडलं तर कुबट वासाचं नाव नाही. जी हळद जमिनीच्या पोटात कुबट होत नाही ती तुमच्या एसीला काय ऐकणार, असा त्यांचा बिनतोड सवाल होता.

हरिबा घरून अस्सल हळद घेऊन आले. चारुलताच्या जुन्या मलमली ओढणीचा तुकडा घेऊन त्यांनी स्वतःच्या हाताने चांगली मूठभर हळदीची पुरचुंडी बांधली. ती कुठे ठेवायची यावर चर्चा झाली. शालूबाईंचं मत, वर, जाळीच्या मागे. हरिबांचं मत, वारा जितनं भाईर येतो तितं. मी वाऱ्याच्या प्रवाहाचा विचार करून हरिबांच्या बाजूने कौल दिला. एसीच्या तोंडात वारा खालीवर वळवणाऱ्या ज्या पट्ट्या असतात, त्यांच्या आत दोऱ्याने पुरचुंडी बांधली. एसी अगदी हळू लावला. काय सांगू, खोलीत संक्रांतीच्या हळदीकुंकवासारखा वास दरवळला. चारुलता दारात आली, तिने वास घेतला आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसली. हरिबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. एसी जोरात लावून बघायचं कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

रविवारी पाहुणे सकाळीच मेढ्याहून निघून साताऱ्यावरून आले. नानासोंनी घरच्या तांदळाचं पोतं स्वतःच्या खांद्यावरून वर आणलं. शिवतेज पांढऱ्या शुभ्र, कडक इस्त्रीच्या शर्टात होता. मनुबाई काठी टेकत, जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबत आल्या. गुडघ्याला वारा नको म्हणून त्यांनी दाराजवळची खुर्ची धरली. नानासो आणि शिवतेज एसीसमोरच्या दिवाणावर बसले. मी एसी लावला, हळू. चारुलता पाणी घेऊन आली आणि तेवढ्यात आजींनी नाक वर करून हवेत वास घेतला. पुन्हा घेतला. चारुलताने तांब्या तसाच धरून माझ्याकडे बघितलं.

आजी म्हणाल्या, हितं तर आमच्या घरावानी वास येतोय. आखाडात भिती भिजत्यात, घोंगडी वाळत न्हाईत, तवा घरात असाच वास असतोय, लय दिसांनी आला. एवढं बोलून त्यांनी काठी भिंतीला टेकवली, पदर सारखा केला आणि आपल्याच ओसरीवर असल्यासारख्या निवांत बसल्या. चारुलताचा जीव भांड्यात पडला. मला मात्र थोडं लागलं. आठवडाभर एवढी उस्तवार केली, आणि आजींना हळद सोडून नेमका मूळचा वासच आला होता.

मग रीतीप्रमाणे बाकीचं बोलणं झालं. रस्ता कसा होता, यंदा भात कसं झालं, आजींचा गुडघा कसा आहे. आजी म्हणाल्या, पोरीनं पाय दिला मला परत. अपूर्वा येऊन त्यांच्या शेजारी बसली. चहा झाल्यावर नानासोंनी कप खाली ठेवला, मिशीवरून हात फिरवला आणि मुद्द्याला हात घातला.

"पोरगी चांगली हाय, त्यात वाद न्हाई," ते म्हणाले. "पर सून घरात पायजे. ह्यो तिकडं बॉर्डरवर, मी रानात. आईला बघाय कोन? नोकरी सोडनार आसंल तर आजच सुपारी फोडू."

मी माझ्या परीने काहीतरी गोलमाल बोलायच्या तयारीत होतो. आमच्या खात्यात अशा वेळी "विचाराधीन आहे" म्हणायची पद्धत आहे. पण अपूर्वाने मला वेळच दिला नाही.

"काका, आजींना चालवायचं काम मी मिरजेत केलं," ती म्हणाली. "तशी पुष्कळ माणसं रोज तिथं माझी वाट बघत बसलेली असतात. ते काम मी सोडणार नाही. शिवतेजला मी हे आधीच सांगितलंय." तिचा आवाज अगदी शांत होता, पण तिने खुर्चीची कड इतकी घट्ट धरली होती की तिची बोटं पांढरी पडली होती. मला तिचा अभिमान वाटला.

नानासोंनी मुलाकडे बघितलं. शिवतेज उठला आणि सावधानमध्ये उभा राहिला. "सांगितलंय, आबा," तो म्हणाला. "आणि मला पटलंय." त्याच्या दृष्टीने हे मोठंच भाषण होतं.

नानासोही उठले. मग बोलायचं राह्यलं काय, उठतो आमी, असं म्हणून ते दाराशी गेले आणि चपलेत पाय घालायला लागले. चारुलता माझ्याकडे बघायला लागली. काहीतरी बोला, असं तिचे डोळे सांगत होते. अशा वेळी मला बोलता येत नाही. माझ्या हातांना मात्र काहीतरी करावंसं वाटतं. माझ्या हातात रिमोट होता. खोलीत वातावरण तापलंय, जरा गारवा वाढवावा, एवढाच माझा शुद्ध हेतू होता. रिमोटवर एक निळं बटण आहे, पंख्याचं चित्र असलेलं. ते मी तोवर कधी दाबलं नव्हतं. ते दाबलं.

आधी आवाज आला. ज्या आवाजाची मी कंपनीकडे खोटी तक्रार केली होती तो अगदी खरा, घरघर करत आला. आतल्या फिरत्या पंख्याने मलमलीचं टोक धरलं, पुरचुंडी आत ओढली, फाडली, आणि हरिबांची मूठभर अस्सल हळद एकदम खोलीत सोडली. शिवतेज बरोबर समोर सावधानमध्ये उभा होता. त्याने ती छातीवर, तोंडावर, डोक्यावर घेतली आणि जागचा हलला नाही. मिलिटरीचं शिक्षण ते. अपूर्वा उठून त्याला बाजूला ओढायला धावली, तेव्हा उरलेली तिच्या अंगावर आली. मी मेन स्विचकडे धावलो, पण पोचेपर्यंत संपली होती. मग सगळं शांत झालं. खोलीभर पिवळं धुकं हळूहळू खाली बसत होतं. शिवतेजला शिंक आली, मग अपूर्वाला आली, मग मला आली. दाराशी नानासो एक पाय चपलेत घालून तसेच उभे होते. त्यांच्या अंगावर कण नव्हता.

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं होतं. मुलीच्या आयुष्याचा प्रश्न होता आणि मी तिला फोडणीत टाकल्यासारखी पिवळी करून ठेवली होती.

"नाना, चप्पल काढ," मनुबाई म्हणाल्या. "बस खाली."

नानासो म्हणाले, आई, निगायचं हाय.

"निगतोस कुटं? पोराला हळद लागली. आदी पोराला, मग पोरीला, बरोबर रीतीपरमानं. हळद लागल्याला नवरा उंबरा वलांडतो व्हय?"

हळद लागली की अक्षता पडेपर्यंत नवरदेवाने घराबाहेर पडायचं नाही, हे आमच्याकडेही आहे, सगळीकडेच आहे. पण हे असं लागू होईल असं कुणाला वाटलं असणार? नानासो म्हणाले, आई, ही मशीननं उडवल्याली हळद हाय. आजींनी विचारलं, हळद हाय का न्हाई तेवडं सांग. आवाज ऐकून हरिबा दारात येऊन उभे राहिलेच होते. त्यांनी आत येऊन शिवतेजच्या खांद्यावरची हळद चिमटीत घेतली, बोटांवर चोळली, वास घेतला आणि तज्ज्ञाची साक्ष दिली, की हळद अस्सल हाय, यार्डातली हाय, भेसळ न्हाई. सियाचीनला राहून आलेले नानासो आईपुढे एक पाऊलही पुढे टाकू शकले नाहीत. त्यांनी चप्पल काढली आणि दिवाणावरची हळद रुमालाने झटकून बसले.

आता काय करायचं? अक्षता काही आज पडू शकत नव्हत्या. गुरुजी नाहीत, गाव नाही, मांडव नाही. शिवतेजला रजा संपेपर्यंत आमच्या आतल्या खोलीत ठेवावं, असं शालूबाईंनी दारातूनच सुचवलं. आजींनी थोडा वेळ डोळे मिटले, ओठ हलवले आणि निकाल दिला. अक्षता न्हाई तर न्हाई, पर सुपारी तरी फुटाय पायजे. सुपारी फुटली की पोरगं उंबरा वलांडाय मोकळं. हरिबांनी लगेच मान डोलावली. हळदीच्या बाबतीत त्यांना सगळंच पटतं.

नानासोंनी रुमालाची घडी घालून तो खिशात ठेवला. मग हळूच म्हणाले, सुपारी फोडतो, पर सून घरात पायजे म्हनलोय त्येचं काय? अपूर्वाचा पिवळा चेहरा पुन्हा ताठ झाला. चारुलताने माझा दंड धरला.

"माजा दुसरा गुडगा ऱ्हायलाय की करायचा," आजी म्हणाल्या. "त्यो मिरजंलाच करायचा, हिच्याच हातानं. मी आता हिच्यापाशीच ऱ्हानार. सून घरात पायजे म्हन्तोस, मला बघाय कोन म्हन्तोस. मग मी जितं हाय तितं घर."

नानासोंनी आईकडे बघितलं. "आई, त्यो गुडगा तर दुखत न्हाई म्हनालीस."

"आता दुखाय लागला," आजी म्हणाल्या.

नानासोंनी मिशीवरून हात फिरवला, दोनदा फिरवला, आणि मग त्यांनाच हसू आलं. अडकित्ता सापडेना म्हणून सुपारी हरिबांच्या खलबत्त्यात फुटली. साखर वाटली. अपूर्वाने शिवतेजला साखर दिली तेव्हा दोघांच्या तोंडाला एकदम हळद गेली आणि दोघं हसत सुटली. चारुलता पदराने डोळे पुसत होती. मी तिला म्हटलं, हळद गेली का डोळ्यात? ती म्हणाली, तुम्ही आता एक अक्षरही बोलू नका. पण ते तिने रागावून म्हटलं नव्हतं.

जेवणं झाली. उन्हं कलल्यावर पाहुणे निघाले. नानासो आणि शिवतेज गाडी काढायला पुढे गेले होते, अपूर्वाही त्यांच्याबरोबर खाली गेली. मी आजींचा हात धरून त्यांना सावकाश जिना उतरवत होतो. मनात एक गोष्ट राहिली होती आणि माझा स्वभाव तुम्हाला आता ठाऊक आहे. मी विचारलं, की आजी, सुपारी फुटली की हळद लागलेला माणूस उंबरा ओलांडायला मोकळा होतो, ही रीत मी आजवर कधी ऐकली नव्हती.

"मी बी न्हवती ऐकली," आजी म्हणाल्या. "आवं पावनं, मशीननं उडिवल्याली हळद कोन धरतंय? पर नाना उठला हुता. त्यो येकदा उठला की परत बसत न्हाई, बापावर गेलाय. त्येला बसवाय कायतरी पायजे हुतं. तवर तुमीच हळद उडिवली."

मी जागीच थांबलो. आजींनी माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला, काठी बगलेत धरली आणि उरलेल्या पायऱ्या दोन्ही गुडघ्यांवर झपझप उतरून गाडीत जाऊन बसल्या.